केंब्रिजचा ठिपका आणि हेमलकशाचें रक्त

आलापल्लीहून भामरागडकडे जाणारी वाट सागवानाच्या अरण्यांतून जाते. भामरागड आतां जवळ आलें असें वाटूं लागतें, तोंच हेमलकसा लागतें. आणि थोडें पुढें पर्लकोटा, पामुलगौतमी व इंद्रावती या तीन नद्या एकमेकींना मिळतात. पावसाळ्यांत पर्लकोटेला पूर आला कीं पलीकडच्या गांवांचा जगाशीं संबंध तुटावयाचा, हा तेथील अनेक पिढ्यांचा परिपाठ. १९७३ सालच्या डिसेंबर महिन्याच्या २३ तारखेस बाबा आमटे यांनीं या ठिकाणीं लोकबिरादरी प्रकल्पाचें रोप लावलें. त्या वेळीं हा मुलूख चंद्रपूर जिल्ह्यांत मोडत असे. गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा १९८२ सालीं अस्तित्वांत आला. डॉ. प्रकाश आमटे व डॉ. मंदाकिनी आमटे यांनीं तेथें दवाखाना मांडला तेव्हां वीज नव्हती, बारमाही रस्ता नव्हता, आणि आरंभीं तर रोगीहि नव्हते. या नवख्या माणसांपाशीं आपलें दुखणें घेऊन जावें, असें तेथील माडिया गोंडांना वाटत नव्हतें. दुखण्याचा निवाडा गांवचा पुजारी करी.

या अरण्यांतील दुखण्यांत एक दुखणें फार जुनें आहे. तान्ह्या मुलाचे हातपाय अकस्मात् सुजतात. थोडें मोठें झाल्यावर थंडी पडली, ताप आला किंवा पाण्यावांचून फार वेळ गेला कीं त्याचीं हाडें व सांधे असे ठणकतात कीं मूल रात्रभर तळमळतें. डोळे पिंवळे होतात, प्लीहा वाढते, अंगांत रक्त ठरत नाहीं. एका घरांत चार मुलें असावीं, त्यांतील एकानेंच असें झिजत जावें व बाकीचीं खेळतीं राहावीं, याचा उलगडा कोणत्याहि पुजाऱ्याला होत नव्हता. आणि खरें सांगावयाचें तर शहरांतील वैद्यालाहि पुष्कळ काळ होत नव्हता. या रोगाला आतां सर्वत्र सिकलसेल असें म्हणतात. निरोगी मनुष्याची तांबडी रक्तपेशी वाटोळी, बत्ताशासारखी असते. या रोग्याची पेशी प्राणवायु कमी पडतांच विळ्यासारखी वांकडी होते, बारीक रक्तवाहिनींत अडकते आणि पुढची वाट बंद करते. इतकें सूक्ष्मदर्शकांतून दिसत होतें. परंतु पेशीला हा बांक कां येतो, याचें उत्तर हेमलकशाचा दवाखाना उघडण्यापूर्वीं सतरा वर्षें, इंग्लंडांत केंब्रिज येथें, एका ओल्या कागदावर उमटलें होतें. तें ज्यांनीं वाचलें त्यांचें नांव व्हर्नन इन्ग्रॅम.

इन्ग्रॅम यांचा जन्म १९२४ सालीं जर्मनींतील ब्रेस्लाऊ या शहरीं एका ज्यू कुटुंबांत झाला. हिटलरचा अंमल असह्य झाला तेव्हां मुलगा चौदा वर्षांचा होता. घरच्या मंडळींनीं देश सोडला आणि इंग्लंडचा आश्रय घेतला. पुढें महायुद्ध पेटलें. दिवसां औषधी रसायनांच्या कारखान्यांत काम आणि रात्रीं लंडनच्या बर्कबेक महाविद्यालयांत अभ्यास, असा त्या तरुणाचा क्रम होता. कामकरी माणसांनीं रात्रीं शिकावें यासाठींच बर्कबेकची ख्याति होती. तेथूनच १९४९ सालीं त्यांनीं डॉक्टरची पदवी मिळविली. त्यानंतर अमेरिकेंत प्रथिनांचे स्फटिक करण्याची व प्रथिनांचे तुकडे ओळखण्याची विद्या शिकून १९५२ सालीं ते केंब्रिज येथील कॅव्हेंडिश प्रयोगशाळेंत मॅक्स पेरुट्झ यांच्या हाताखालीं दाखल झाले. पेरुट्झ हेहि व्हिएन्नाहून आलेले निर्वासितच. हीमोग्लोबिन, म्हणजे रक्ताला तांबडेपणा देणारें आणि प्राणवायु वाहून नेणारें प्रथिन, याची घडण क्षकिरणांच्या साह्यानें उलगडण्यांत त्यांनीं आपलें आयुष्य घातलें होतें.

या ठिकाणीं थोडें मागें जाणें अवश्य आहे. १९०४ सालीं वेस्ट इंडीजमधील ग्रेनाडा बेटावरून वॉल्टर क्लेमेंट नोएल नांवाचा एक कृष्णवर्णी तरुण दंतवैद्यक शिकण्यासाठीं शिकागोस आला. त्याच वर्षाच्या अखेरीस तो दुखणाईत होऊन रुग्णालयांत गेला. तेथें अर्नेस्ट आयर्न्स या उमेदवार डॉक्टरला त्याच्या रक्तांत विळ्याच्या आकाराच्या विचित्र पेशी दिसल्या. त्याचे वरिष्ठ जेम्स हेरिक यांनीं १९१० सालीं ती हकीकत छापली. वैद्यकाच्या इतिहासांत हेरिक यांचें नांव अजरामर झालें. नोएल मायदेशीं परतला, त्यानें दंतवैद्याचा व्यवसाय केला, आणि १९१६ सालीं न्युमोनियानें तो वारला. हेरिक यांच्या निबंधांत त्याचें नांव नाहीं. तें इतिहाससंशोधकांनीं जुनीं दफ्तरें धुंडाळून १९८९ सालीं, म्हणजे जवळजवळ ऐंशी वर्षांनीं, जगापुढें आणलें.

दुसरी पायरी लायनस पॉलिंग यांची. १९४५ सालीं वैद्यकाचे प्राध्यापक विल्यम कॅसल यांच्याकडून या रोगाची हकीकत ऐकतांच पॉलिंग यांच्या मनांत आलें कीं दोष पेशींत नसून पेशीच्या आंतील हीमोग्लोबिनच्या रेणूंत असावा. हें काम त्यांनीं हार्वे इटॅनो या तरुणावर सोंपविलें. इटॅनो यांची हकीकत सांगण्यासारखी आहे. जपानी आईबापांच्या पोटीं कॅलिफोर्नियांत जन्मलेला हा विद्यार्थी १९४२ सालीं बर्कली विद्यापीठांत सर्वांत पहिला आला. पण पदवीदानाच्या दिवशीं तो सभागृहांत नव्हता. अमेरिकन सरकारनें जपानी वंशाच्या आपल्याच नागरिकांना छावण्यांत कोंडलें होतें, आणि त्यांत हा पहिला आलेला मुलगाहि होता. पुढें याच इटॅनोंनीं विजेच्या क्षेत्रांत दोन प्रकारचीं हीमोग्लोबिनें सोडून पाहिलीं. निरोग्याचें एका गतीनें सरकलें आणि रोग्याचें निराळ्या गतीनें. रोग्याच्या रेणूवर दोन ते चार धनभार अधिक असले पाहिजेत, असा हिशेब निघाला. १९४९ सालच्या नोव्हेंबरांत पॉलिंग, इटॅनो व त्यांचे दोन सहकारी यांनीं हा निबंध प्रसिद्ध केला आणि त्याच्या मथळ्यांतच सिकलसेलला 'रेणूचा रोग' असें म्हटलें. रोगाचें बिऱ्हाड एका रेणूंत आहे, ही कल्पना वैद्यकाला अगदीं नवी होती. मात्र त्या रेणूंत नेमकें कोठें काय बिघडलें आहे, हें पॉलिंग यांना सांगतां आलें नाहीं.

तेंच इन्ग्रॅम यांनीं सांगितलें. केंब्रिज येथें फ्रॅन्सिस क्रिक यांना एका प्रश्नानें पछाडलें होतें : अनुवंशाच्या एका घटकांत बदल झाला तर त्याच्या हुकमानें बनणाऱ्या प्रथिनांत किती बदल होतो? क्रिक आणि इन्ग्रॅम यांनीं प्रथम कोंबडीच्या अंड्यांतील लायसोझाइम या प्रथिनावर प्रयत्न केला. क्रिक यांच्या डोळ्यांतील अश्रूंपर्यंत मजल गेली, परंतु हवा तो फरक हातीं लागला नाहीं. इतक्यांत अँथनी ॲलिसन यांनीं प्रयोगशाळेंत ठेवून दिलेलें सिकलसेलचें हीमोग्लोबिन होतें, त्याकडे इन्ग्रॅम वळले.

अडचण अशी होती कीं हीमोग्लोबिनच्या रेणूंत ५७४ अमिनो आम्लें मण्यांसारखीं ओंवलेलीं असतात. रेणूचे दोन सारखे अर्धे आहेत, म्हणून निदान २८७ मणी तपासावयाचे. त्या काळीं एवढ्या लांबीची माळ मण्यामण्यानें उकलणें हें अनेक वर्षांचें काम होतें. फ्रेडरिक सँगर यांनीं अवघ्या ५१ मण्यांच्या इन्सुलिनसाठीं जवळजवळ एक तप खर्च केलें होतें. इन्ग्रॅम यांनीं माळ उकलण्याचा नाद सोडला. त्यांनीं ट्रिप्सिन या पाचक द्रव्यानें तिचे तुकडे केले. ट्रिप्सिन वाटेल तेथें कापीत नाहीं. ठराविक दोन प्रकारच्या मण्यांपाशींच कापतें, म्हणून प्रत्येक वेळीं तेच सुमारें तीस तुकडे मिळतात. हे तुकडे गाळण्याच्या ओल्या कागदाच्या कोपऱ्यांत ठेवून त्यांनीं एका दिशेनें वीज सोडली, आणि मग काटकोनाच्या दिशेनें एक द्रव कागदांत चढूं दिला. तुकडे आपापल्या भाराप्रमाणें आणि द्रवाशीं असलेल्या सख्याप्रमाणें निरनिराळ्या ठिकाणीं जाऊन बसले. मग कागदावर निनहायड्रिन मारतांच जांभळे ठिपके उमटले. या पद्धतीला त्यांनीं बोटांच्या ठशांची उपमा दिली, आणि ती अगदीं यथार्थ आहे. चोराची चौकशी करणारा फौजदार सबंध मनुष्य तपासीत बसत नाहीं. तो ठसे जुळवितो.

निरोग्याचा आणि रोग्याचा असे दोन कागद शेजारीं ठेवले. सगळे ठिपके जागच्या जागीं होते; एक तेवढा सरकलेला होता. हा निबंध १९५६ सालच्या ऑक्टोबरांत 'नेचर' या इंग्रजी साप्ताहिकांत आला. पुढच्या वर्षीं ऑगस्टमध्यें त्या एका ठिपक्यांतील मणी मोजून त्यांनीं दुसरा निबंध दिला : जेथें ग्लुटामिक आम्ल असावयास पाहिजे तेथें सिकलसेलमध्यें व्हॅलिन बसलें आहे, बाकी सारें जशाचें तसें. ग्लुटामिक आम्लावर ऋणभार असतो, व्हॅलिनवर कोणताच नसतो. रेणूच्या प्रत्येक अर्ध्यांत एकेक ऋणभार गेला, म्हणून सबंध रेणु दोन मापांनीं अधिक धन झाला. पॉलिंग यांच्या हिशेबाशीं मेळ बसला. शिवाय व्हॅलिन हें पाण्याशीं फटकून वागणारें आम्ल आहे. प्राणवायु सोडलेले रेणु या नव्या खिळ्यानें एकमेकांना चिकटून लांबच लांब दोऱ्या बनतात आणि त्या दोऱ्या पेशीला आंतून ताणतात, हेंहि पुढें दुसऱ्यांनीं दाखविलें. हे दोन्ही निबंध तीन तीन पानांचे आहेत आणि दोहोंवर एकट्या इन्ग्रॅम यांचें नांव आहे. एका जनुकांतील बदलामुळें प्रथिनांतील एकच अमिनो आम्ल बदलतें, हें मनुष्याच्या बाबतींत प्रथमच सिद्ध झालें. रेणुजीवशास्त्र ही विद्या तोंवर जंतूंच्या आणि विषाणूंच्या अंगणांत वाढत होती. त्या दिवसापासून ती रुग्णालयाच्या दारांत आली.

१९५८ सालीं इन्ग्रॅम एका वर्षासाठीं म्हणून अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रविद्यापीठांत गेले आणि आयुष्यभर तेथेंच राहिले. थॅलॅसेमिया या दुसऱ्या रक्तरोगाची उपपत्ति त्यांनीं व स्ट्रेटन यांनीं १९५९ सालीं मांडली. हीमोग्लोबिनच्या निरनिराळ्या साखळ्या एकाच पुरातन जनुकाच्या प्रतींपासून उपजल्या असाव्यात, ही कल्पना त्यांनीं १९६१ सालीं पुढें ठेवली. उतारवयांत त्यांनीं स्मृतिभ्रंशाच्या रोगाकडे आपलें लक्ष वळविलें. पेरुट्झ आणि केन्ड्र्यू यांना १९६२ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. सँगर यांना तर तें दोनदां मिळालें. इन्ग्रॅम यांना तें मिळालें नाहीं. २००६ सालीं ते निवर्तले.

आतां शास्त्रज्ञांच्या मोठेपणाचें माप कसें काढावें, हा प्रश्न येतो. अमेरिकेंतील युजीन गारफील्ड या गृहस्थांनीं १९५५ सालीं एक युक्ति सुचविली. प्रत्येक शास्त्रीय निबंधाच्या शेवटीं लेखक आपण कोणाकोणाच्या कामाचा आधार घेतला त्यांचीं नांवें देतो. हीं सारीं नांवें एकत्र करून कोणत्या निबंधाचा किती जणांनीं उल्लेख केला याची सूची केली, तर एखादी कल्पना कोठें जन्मली व कोठवर पसरली याचा माग लागेल. १९६४ पासून ही उल्लेखसूची छापली जाऊं लागली. गारफील्ड यांचा मूळ हेतु वाट शोधण्याचा होता. परंतु मोजदाद करण्याजोगी वस्तु मिळाली कीं मनुष्य तिचा तराजू करतो. विद्यापीठें, सरकारें आणि पारितोषिकें देणाऱ्या मंडळ्या उल्लेख मोजूं लागल्या. २००५ सालीं हिर्श यांनीं आणखी एक अंक काढला : ज्याचे वीस निबंध प्रत्येकीं निदान वीस वेळां उल्लेखिले गेले, त्याचा अंक वीस. शाळेंत मुलांचे गुण मांडण्याची जी हौस असते, तीच येथें पंडितांच्या बाबतींत दिसते.

या तराजूंत गंमती फार आहेत. आजवर सर्वांत अधिक उल्लेख झालेला निबंध प्रथिनाचें प्रमाण मोजण्याच्या एका कृतीचा आहे. लाउरी व त्यांच्या सहकाऱ्यांनीं तो १९५१ सालीं लिहिला आणि त्याचे उल्लेख तीन लाखांच्या वर गेले आहेत. स्वयंपाकाच्या पुस्तकाला जेवढे वाचक, तेवढे तत्त्वज्ञानाच्या ग्रंथाला कोठून मिळणार! उलट इन्ग्रॅम यांचें झालें असें कीं त्यांचा शोध फार लवकर पाठ्यपुस्तकांत शिरला. जी गोष्ट महाविद्यालयांतील पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाहि ठाऊक असते, तिच्यासाठीं आधार देण्याची गरज कोणाला वाटत नाहीं. सफरचंद खालीं पडतें असें लिहितांना न्यूटनचा ग्रंथ कोण उद्धृत करतो? समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनीं या प्रकाराचें वर्णन केलें आहे : शोध इतका अंगवळणीं पडतो कीं शोधकाचें नांव त्यांत विरून जातें. सिकलसेलवरील असंख्य निबंधांत ग्लुटामिक आम्लाच्या जागीं व्हॅलिन आल्याचें पहिल्या परिच्छेदांतच सांगितलेलें असतें. आणि त्यांतील पुष्कळांत इन्ग्रॅम यांचें नांव आढळत नाहीं. सूचीच्या दृष्टीनें ही उणीव आहे. दुसऱ्या दृष्टीनें याहून मोठा मान कोणता?

आतां भारताकडे वळूं. या देशांत हा रोग आहे हें १९५२ पर्यंत कोणाच्या ध्यानींमनीं नव्हतें. तो आफ्रिकेच्या वंशाचा रोग, असा सार्वत्रिक समज होता. त्या वर्षीं हर्मन लेहमन आणि मेरी कटबुश यांनीं नीलगिरीच्या डोंगरांतील आदिवासींच्या रक्तांत त्याचा गुण दाखविला. लेहमन हेहि जर्मनींतून परागंदा झालेले. या एका रोगाच्या इतिहासांत देशोधडीला लागलेल्यांची किती गर्दी आहे, हें मनांत आल्यावांचून राहत नाहीं. १९५६ सालीं, म्हणजे केंब्रिजचा ठिपका सरकला त्याच वर्षीं, मुंबईंत परळ येथील कर्करोग संशोधन केंद्रांतील सुकुमारन, संघवी व व्यास यांनीं पश्चिम भारतांतील आदिवासींत हा गुण असल्याचें प्रसिद्ध केलें. हें केंद्र डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनीं उभारलेलें. आणि १९५८ सालीं शुक्ल व सोळंकी या दोघांनीं नागपूरकडील मध्यभारतांत तो असल्याची नोंद 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रांत केली. वऱ्हाड-नागपुराकडील घराघरांत कण्हणाऱ्या मुलांच्या दुखण्याला त्या दिवशीं प्रथम नांव मिळालें. मुलांच्या आईबापांपर्यंत तें पोहोंचावयास मात्र आणखी कित्येक वर्षें लागलीं.

तें पोहोंचविण्यासाठीं पुढें जे झटले त्यांत पुण्याचे डॉ. सुदाम काटे यांचें नांव घेतलें पाहिजे. बै. जी. वैद्यकीय महाविद्यालयांत मानवी अनुवंशशास्त्राचें काम करीत असतां ते रक्ताच्या नळ्या घेऊन सातपुड्याच्या दऱ्यांतून हिंडले, आणि महाराष्ट्रांतील आदिवासी जमातींची तपासणी त्यांनीं वर्षानुवर्षें केली. २००२ सालीं त्यांनीं व लिंगोजवार यांनीं या कामाचा गोषवारा दिला. त्यांत भिल्ल, पावरा, परधान, ओतकर या जमातींबरोबर माडियांचें नांव आहे : या जमातींत शेंकडा २० ते ३५ लोकांच्या रक्तांत हा गुण सांपडतो. गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर, भंडारा, यवतमाळ व नंदुरबार या जिल्ह्यांत प्रत्येकीं पांच हजारांवर रोगी असावेत, असा त्यांचा अंदाज होता. हा गोषवारा कांहीं जगप्रसिद्ध पत्रांत आला नाहीं, आणि त्याचे उल्लेख इन्ग्रॅम किंवा पॉलिंग यांच्या पासंगासहि पुरणार नाहींत. परंतु महाराष्ट्रांतील सिकलसेलविषयीं बोलणाऱ्याला त्या आंकड्यांपाशींच यावें लागतें. २०१९ सालीं भारत सरकारनें काटे यांना पद्मश्री दिली.

माडियांच्या रक्तांत हा गुण इतका कां रुजला, याचें उत्तर त्याच ॲलिसन यांच्याकडे आहे, ज्यांच्या नमुन्यावर इन्ग्रॅम यांनीं प्रयोग केला. आईबापांपैकीं एकाकडूनच हा जनुक आला तर मनुष्य वाहक होतो. त्याला सहसा कांहीं त्रास होत नाहीं. दोघांकडून आला तर रोग होतो. आईबाप दोघेहि वाहक असले म्हणजे प्रत्येक मुलाच्या बाबतींत रोगाचा संभव चारांत एक, वाहकपणाचा चारांत दोन आणि अगदीं मोकळें सुटण्याचा चारांत एक. ॲलिसन यांनीं १९५४ सालीं पूर्व आफ्रिकेंतील मुलांच्या तपासणीवरून दाखविलें कीं वाहकाला घातक हिंवतापापासून बरेंच संरक्षण मिळतें. गडचिरोलीचें अरण्य हें हिंवतापाचें माहेरघर आहे. तेथें हजारों वर्षें वाहक मुलें तापांतून तगलीं, इतर मुलें मेलीं, आणि जनुक वाढत गेला. 'आदिवासींचें रक्तच नासकें' असें जे शहाणे म्हणतात, त्यांनीं हा इतिहास नीट वाचावा. ज्या रक्तानें त्या जमाती हिंवतापाच्या रानांत जिवंत राहिल्या, तेंच त्यांच्या कांहीं मुलांना भोंवतें आहे. हा जनुक भारतांत स्वतंत्रपणें उपजला, असा पुरावा १९८६ सालीं कुलोझिक व त्यांच्या सहकाऱ्यांनीं पुढें मांडला. उलट २०१८ सालीं संपूर्ण जनुकसंचाच्या तपासणीवरून असें प्रतिपादन झालें कीं जगांतील सर्व सिकल-जनुकांचें मूळ आफ्रिकेंत सुमारें ७,३०० वर्षांपूर्वींच्या एकाच बदलांत आहे. हा वाद पंडितांचा आहे; त्यानें कोणाचें हाड ठणकावयाचें थांबत नाहीं.

गडचिरोलींतच या विषयाला एक निराळी कलाटणी मिळाली. डॉ. अभय व डॉ. राणी बंग १९८६ सालीं या जिल्ह्यांत आले तेव्हां त्यांनींहि आरंभीं सिकलसेलचा अभ्यास केला. रोग सांपडला, शास्त्रीय दृष्टीनें काम चांगलें झालें. परंतु लोकांना तो आपला निकडीचा प्रश्न वाटला नाहीं. डॉ. बंग यांनीं पुढें अनेकदां मोकळेपणानें सांगितलें आहे कीं तें संशोधन लोकांवरचें होतें, लोकांसाठींचें नव्हे. मग त्यांनीं लोकांनाच विचारून विषय घेतले. १९८९ सालीं दोन खेड्यांतील साडेसहाशें स्त्रियांच्या तपासणीचा निबंध 'लॅन्सेट'मध्यें आला. शेंकडा ९२ स्त्रियांना स्त्रीरोग असल्याचें त्यांत दिसलें. १९९९ सालीं नवजात बालकांच्या घरगुती शुश्रूषेचा दुसरा निबंध त्याच पत्रांत आला. ३९ गांवांत गांवच्याच बायकांना शिकवून नवजात बालकांचे मृत्यु शेंकडा ६२ नीं कमी केल्याची ती हकीकत. ज्या जिल्ह्याचें नांव पुण्यामुंबईच्या पुष्कळ माणसांना नकाशावर दाखवितां येत नव्हतें, तो जगांतील बालवैद्यकाच्या उल्लेखसूचींत ठाण मांडून बसला. माडियांचा सिकलसेल मात्र त्या वेळीं मागें राहिला. लोकांनीं तो मागें ठेवला यांत त्यांचें अज्ञान होतें असें म्हणतां येत नाहीं. ज्या दुखण्यावर डॉक्टरपाशीं औषध नाहीं, त्याचें नुसतें नांव कळून काय करावयाचें?

औषध हळूहळू आलें. नवजात अर्भकाच्या रक्तांत गर्भावस्थेंतील हीमोग्लोबिन पुष्कळ असतें, म्हणून पहिले कांहीं महिने रोग प्रकट होत नाहीं, असें जेनेट वॉटसन या डॉक्टर बाईंनीं १९४८ सालींच लक्षांत आणून दिलें होतें. हायड्रॉक्सियुरिया हें औषध मोठ्या वयांतहि तें गर्भहीमोग्लोबिन वाढवितें आणि वेदनेच्या फेऱ्या कमी करतें. तें स्वस्त आहे, परंतु रोज घ्यावें लागतें आणि रक्ताची तपासणी वरचेवर करावी लागते. पर्लकोटेला पूर आला म्हणजे गोळीहि अडते आणि तपासणीहि अडते. १९७८ सालीं कान आणि डोझी यांनीं गर्भांतील जनुकाची परीक्षा करण्याची रीत काढली. २०२३ सालच्या अखेरीस इंग्लंड व अमेरिका या देशांनीं जनुकालाच कात्री लावणाऱ्या उपचाराला मान्यता दिली. अमेरिकेंत त्याची किंमत बावीस लाख डॉलर ठरली. तेवढ्या पैशांत भामरागड तालुक्यांत काय काय उभें राहील, याचा हिशेब श्रोत्यांनींच करावा.

भारतांत २०१६ च्या अपंगांविषयींच्या कायद्यानें या रोग्यांना अपंगांचे हक्क दिले. १ जुलै २०२३ रोजीं मध्यप्रदेशांतील शहाडोल येथें सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम जाहीर झाली. आदिवासी मुलखांतील चाळीस वर्षांच्या आंतील सात कोटि लोकांचें रक्त तपासावयाचें आणि २०४७ पर्यंत रोग सार्वजनिक चिंतेच्या यादींतून काढावयाचा, असा तिचा संकल्प आहे. लग्न ठरवितांना पत्रिकेऐवजीं तपासणीचें कार्ड जुळवून पाहा, असा उपदेश आतां खेडोपाडीं चालतो. उपदेश योग्य आहे. पण ज्या मुलीच्या कार्डावर वाहक असें लिहिलें तिला कोणी मागणी घालीत नाहीं, अशी नवी पीडा त्यांतून निघूं नये, याची काळजी घेणारा मनुष्य प्रत्येक गांवीं असावयास हवा. वाहकाचें लग्न वाहक नसलेल्याशीं झालें तर रोगी मूल जन्मास येत नाहीं, एवढें एक वाक्य नीट समजावून सांगितलें तरी पुष्कळ घरें सांवरतील.

या मोहिमेंतील पहिली कसोटी अगदीं साधी आहे. प्राणवायु सोडलेलें सिकल-हीमोग्लोबिन सहज विरघळत नाहीं, हें पेरुट्झ व मिचिसन यांनीं १९५० सालीं दाखविलें. छावणींतून बाहेर आलेल्या त्याच इटॅनोंनीं १९५३ सालीं त्याचीं मापें घेतलीं, आणि त्याच गुणावर ही कसोटी उभी आहे. आश्रमशाळेच्या पडवींत मुलें ओळीनें उभीं राहतात. बोटाच्या टोकावरचा रक्ताचा एक थेंब नळींतील द्रवांत पडतो. कांहीं मिनिटांनीं नळीच्या मागें रेघा ओढलेला कागद धरतात. रेघा स्पष्ट दिसल्या तर मूल वर्गांत परत जातें. द्रव गढूळ होऊन रेघा लोपल्या, तर बाई त्याला थांबवून घेतात, त्याचें नांव, बापाचें नांव आणि गांव विचारतात, वहींत लिहितात, आणि पुढच्या परीक्षेसाठीं त्याच्या दंडांतून पुन्हां रक्त काढतात.